कार्डावरचे आकडे कुणी वाचायचे?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घरात कुणी गरोदर असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्यांच्या घरात आहे त्यांना वाचून दाखवा.

गणपतीच्या गडबडीत भाचीचा फोन आला. नाणे मावळात दिलीय तिला. पहिलटकरीण, पाचवा महिना लागत होता.

"मावशी, डिलिव्हरीसाठी सरकारीत नाव घालू का गं? सासूबाई म्हणतात प्रायव्हेटला घालू, लागलं तर कर्ज काढू. हे म्हणतात, तुझ्या पत्रकार मावशीला विचार, तिला आतलं सगळं माहीत असतं."

आतलं सगळं माहीत असतं! अठरा वर्षं मी या भागात बातमीदारी करतेय. सरकारी दवाखान्यावर किती बातम्या लिहिल्या त्याची मोजदाद नाही. 'सोनोग्राफी मशीन धूळ खात पडून', 'रुग्णवाहिका नादुरुस्त', 'वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद रिक्त', 'नातेवाईकांचा ठिय्या'. त्या सगळ्या बातम्या आठवल्या तर उत्तर सरळ होतं: जाऊ नको. पण मला ते म्हणता येईना. कारण माझी स्वतःची मुलगी सरकारी दवाखान्यामुळेच जगात आली आणि त्याच दवाखान्यामुळे ती आणि मी, दोघीही जवळजवळ गेलो होतो. हे दोन्ही खरं आहे. मी ते आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. बातमीत 'मी' लिहायचं नाही असं डिप्लोमाला असताना शिकवलेलं, ते मी जरा जास्तच मनावर घेतलं.

आज लिहिते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, मागू पण नका. तिथले तेव्हाचे लोक आता तिथे नाहीत. आणि मला जे सांगायचंय ते एका इमारतीबद्दल नाही.

२००९ चा पावसाळा. आठवा महिना. मिस्टर तेव्हा टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर होते. खासगी दवाखान्यात विचारून आलो होतो. नॉर्मल झाली तर इतके, सिझर झालं तर इतके, आणि बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर 'ते वेगळे'. त्या 'वेगळे'ला घाबरूनच सरकारीत नाव घातलं. आजच्यासारखं सगळं मोफत तेव्हा नव्हतं, पण आवाक्यात होतं.

गरोदर बायांच्या तपासणीचा वार गुरुवार. सकाळी केस पेपर काढायचा, मग बाकावर बसायचं. माझ्या शेजारी आंदर मावळातून आलेल्या बाया असायच्या. पहाटे घर सोडलेलं, दोन गाड्या बदललेल्या, हातात पिशवी आणि पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं कार्ड. वजन, बीपी, लघवी, कधी रक्त. एक सिस्टर बीपी घेणार, दुसरी लिहिणार. "पुढची." कार्ड परत हातात. गोळ्यांच्या खिडकीपुढे रांग. लाल गोळी लोहाची, पांढरी कॅल्शियमची. "पुढच्या महिन्यात या." संपलं.

त्या गुरुवारी माझे पाय इतके सुजले होते की जोडवी काढून ठेवावी लागली होती. बोटातली अंगठी दोन दिवस निघत नव्हती. डोकं ठणकत होतं. मला वाटलं, पावसात फिरल्यामुळे असेल, आदल्याच रविवारी भुशी डॅमच्या गर्दीची बातमी करून आले होते. सिस्टरला म्हटलं, पाय खूप सुजलेत. त्या म्हणाल्या, "आठव्या महिन्यात सुजणारच. मीठ कमी कर." डॉक्टर पोस्टमार्टेमला गेले होते. एकच वैद्यकीय अधिकारी, जिवंत माणसाला पण तोच आणि मेलेल्याला पण तोच. सिस्टरनी बीपी लिहिलं, लघवीचा रिपोर्ट लिहिला, आणि म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी ये, डॉक्टर असतील."

मी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि निघाले. गेटजवळ रिक्षाची वाट बघत छत्री धरून उभी होते. तेवढ्यात दुपारच्या ड्युटीवर येणाऱ्या लेबर रूमच्या एक वयस्कर सिस्टर समोरून आल्या. मला ओळखत नव्हत्या. पुढे गेल्या, थांबल्या, मागे वळल्या.

"काय गं, तोंड किती सुजलंय तुझं. कार्ड बघू."

पावसातच त्यांनी कार्ड उघडलं. बोट ठेवून बीपीची ओळ वाचली. मोठ्याने. "११० बाय ७०. ११६ बाय ७४. १३० बाय ८६. आज १५० बाय १००." मग लघवीच्या रकान्यावर बोट. तिथे दोन अधिक चिन्हं होती. "डोळ्यापुढे काजवे चमकतात का? पोटात वर, छातीखाली दुखतं का?" मी म्हटलं, सकाळी चमकले होते थोडे. त्यांनी माझा दंड धरला आणि आत नेलं.

पुढचं मला तुटक आठवतं. दोन्ही कुल्ल्यांवर खूप दुखणारी इंजेक्शनं. मिस्टरांना फोन. रुग्णालयाची गाडी होती, ड्रायव्हर घरी जेवायला गेलेला, तो आला. डिझेलचे पैसे आम्हालाच द्यावे लागले. पाऊस, जुना हायवे, गाड्यांची रांग. पुण्याला मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्री सिझर झालं. मुलगी १ किलो ७०० ग्रॅम. एकोणीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. आज अकरावीला आहे आणि माझ्याहून उंच आहे.

त्या इंजेक्शनाचं नाव मॅग्नेशियम सल्फेट. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जायला लागली की त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. त्यातून झटके आले की एक्लॅम्पसिया. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांनी असे झटके पाहिलेत, त्यांनी 'बाहेरचं' समजून उतारे टाकलेत. मॅग्नेशियम सल्फेट झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी करतं, हे २००२ साली अनेक देशांत मिळून केलेल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. औषध स्वस्त आहे. पहिला डोस देऊन मगच पेशंट पुढे पाठवायचा, असा सरकारचा नियम आहे. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते एवढंच की कुणीतरी आकडा वाचला पाहिजे.

माझा आकडा लिहिला गेला होता. यंत्र चालू होतं, पट्टी होती, सिस्टर जागेवर होत्या, कार्डाचा रकाना भरला होता. कागदावर माझी तपासणी शंभर टक्के पूर्ण होती. आणि मी घरी निघाले होते.

आता जे सांगते ते सांगायला मला जास्त जड जातं.

काही वर्षांपूर्वी तालुक्यात एका बाळंतिणीचा मृत्यू झाला. नेहमीसारखा जमाव, नेहमीसारखी घोषणाबाजी, पोलीस. मी गेले. तिच्या भावाने मला एका बाजूला घेऊन कार्ड दाखवलं. म्हणाला, "ताई, हे बघा, दर महिन्याला नेलंय आम्ही, एक तारीख चुकवली नाही." मी कार्ड पाहिलं. शेवटच्या तीन रकान्यांत बीपी पायरी पायरीने चढत गेलेलं. माझ्यासारखंच. फरक एवढाच की तिला गेटवर कुणी भेटलं नव्हतं.

मी काय लिहिलं? 'डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचा नातेवाईकांचा आरोप.' सोबत रडणाऱ्या नातेवाईकांचा फोटो. कार्डाबद्दल एक ओळ नाही. जागा दोनशे शब्दांची होती, आणि खरं सांगायचं तर मला ती बातमी वाटलीच नाही. पूल पडला की आम्ही पत्रकार पोचतो. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याला पोचलो तसे. पूल गंजत असतो तेव्हा आम्ही उद्घाटनाच्या फोटोत असतो. त्या कार्डात गंज दिसत होता, मी तो बघितला आणि परत दिला. त्या भावाचा चेहरा अजून आठवतो. भाचीच्या फोननंतर जास्तच आठवायला लागला.

म्हणून मी भाचीला दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं, "नऊ तारखेला मी तुझ्याबरोबर येते. मग ठरवू."

नऊ तारीख का, ते आधी सांगते, कारण आपल्याकडे बऱ्याच घरांत हे माहीत नाही. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, फक्त सिस्टरकडून नाही. त्याच दिवशी कार्डावर रंगीत स्टिकर लावायचं असतं. हिरवं म्हणजे धोका नाही. लाल म्हणजे जोखमीचं गरोदरपण. निळं म्हणजे बीपी. पिवळं म्हणजे मधुमेह, थायरॉईडसारखे आजार. कल्पना फार चांगली आहे. वाचता न येणाऱ्या बाईला पण रंग कळतो, आणि रात्री दोन वाजता गाडीतून उतरलेल्या पेशंटचं कार्ड हातात घेणाऱ्या डॉक्टरलाही एका नजरेत कळतं. २००९ ला माझ्या कार्डावर निळं स्टिकर असतं तर मला छत्री धरून गेटवर उभं राहावं लागलं नसतं.

बाकीही बरंच बदललंय, ते मान्य केलं पाहिजे. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. त्यात सरकारी दवाखान्यातली डिलिव्हरी मोफत, सिझर मोफत, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त मोफत. नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात, आणि परत घरी सोडायला गाडी. डिझेलचे पैसे मागितले तर आता ते नियमाबाहेर आहे. २०१४ पासून राज्यात १०८ ची गाडी आहे. राज्यातल्या जवळपास सगळ्याच डिलिव्हरी आता दवाखान्यात होतात. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात ३३ होते, देशात ९७. म्हणजे आपण चांगले आहोत. पण केरळात तोच आकडा १९ होता. म्हणजे आणखी चांगलं होता येतं.

तर ९ सप्टेंबर, मंगळवार. भाची, मी आणि तिच्या गावच्या आशाताई. कामशेतला भेटलो आणि पुढे गेलो.

गर्दी भरपूर. पण खुर्च्या होत्या, पंखे होते, प्यायचं पाणी होतं, संडास स्वच्छ होता. डॉक्टर मॅडम तरुण, बाहेरगावच्या. चेहऱ्यावर झोप नाही, पण आवाज चढवत नव्हत्या. सिस्टरच्या टेबलावर मी मोजली तर पाच रजिस्टरं होती, आणि एक मोबाईल ज्यात तेच परत भरायचं. एका बाईमागे पाच ठिकाणी लिहिणं. मला त्या बाईंचा राग करता येईना. लिहायलाच एवढं असेल तर बोलायचं कधी?

भाचीचं वजन झालं, बीपी झालं, बोटातून रक्त घेतलं. सिस्टर लिहीत गेल्या. कार्ड परत आलं. खिडकीवर गोळ्या मिळाल्या. आणि डॉक्टर मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलं: सोनोग्राफी, बाहेरून. कारण तपासायला डॉक्टर त्या दिवशी नव्हते. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी महत्त्वाची असते, बाळाच्या अवयवांत दोष आहे का ते तेव्हाच बघतात. ती चार महिने थांबू शकत नाही. बाहेर बाराशे रुपये लागले. मोफत तपासणीच्या योजनेत हे बसत नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "मला माहीत आहे. वर लिहून पाठवलंय."

बाहेर बाकावर बसून मी भाचीला विचारलं, "बीपी किती आलं गं?"

"नॉर्मल असेल ना. काही बोलल्या नाहीत."

"आणि हिमोग्लोबिन?"

"ते माहीत नाही."

मुलगी बारावी पास आहे. कार्ड तिच्या हातात होतं, मराठीत होतं. तिने उघडलंच नव्हतं. का उघडलं नाही विचारलं तर म्हणाली, "ते त्यांच्यासाठी असतं ना? आपण फक्त जपून ठेवायचं, पैसे मिळताना लागतं." पहिल्या बाळाला मातृ वंदना योजनेचे पाच हजार मिळतात, त्यासाठी कार्ड लागतं. म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत. आपल्या लेकीबाळी बँकेच्या पासबुकाइतकं कार्ड जपतात आणि पासबुकाइतकंसुद्धा वाचत नाहीत. दोष त्यांचा नाही. कुणी कधी सांगितलंच नाही की हे तुझंच आहे.

आम्ही उघडलं. बीपी ११८ बाय ७६, छान. हिमोग्लोबिन ८.९.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली गेलं तर जिवाला धोका. ८.९ म्हणजे अगदी घाबरायचं नाही, पण रोज एक गोळी पुरणार नाही, दोन लागतात. आणि चहाबरोबर घेतली तर ती अंगाला लागत नाही. बाळंतपणात ज्या रक्तस्रावातून सुदृढ बाई सावरते, त्याच रक्तस्रावात रक्त कमी असलेली बाई जाते. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायांना रक्त कमी आहे, हे सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. त्या निम्म्यांमध्ये माझी भाची, आणि तिला ते कळलंच नाही.

मी तिला म्हटलं, "जा, तू विचार. मी येणार नाही." ती लाजत गेली. रांगेतल्या दोघीजणी कुरकुरल्या. पण सिस्टरनी उत्तर दिलं, आणि चांगलं दिलं. "८.९ आहे तुझं. दोन गोळ्या घे, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. लिंबू पीळ. कॅल्शियम त्याच वेळी नको, मधे दोन तास जाऊ दे. शौचाला काळी होईल, घाबरून बंद करू नको." मग जरा थांबून म्हणाल्या, "बरं केलंस विचारलंस." एक मिनिट लागलं असेल. त्यांना सगळं माहीत होतं. फक्त सांगायला कुणी विचारत नव्हतं आणि न विचारता सांगायला त्यांना फुरसत नव्हती.

भाचीच्या मागे एक कातकरी मुलगी उभी होती. वीस-एकवीसची असेल, सातवा महिना. कार्ड नव्हतं. दिवाळीनंतर ही कुटुंबं वीटभट्टीवर जातात ते थेट पावसाच्या तोंडावर परत येतात. तिचं नाव भट्टीजवळच्या कुठल्यातरी केंद्रात नोंदलं होतं, कार्ड तिथेच राहिलं की पावसात भिजलं, तिला नीट सांगता येईना. सिस्टरनी नवं कार्ड केलं. म्हणजे मागचे सगळे रकाने कोरे. तिचं बीपी आधी किती होतं, चढतंय की तेवढंच आहे, हे कुणालाच सांगता येणार नाही. खरं तर प्रत्येक गरोदर बाईला नोंदणीचा आरसीएच नंबर मिळतो, तो असेल तर कुठूनही माहिती निघायला हवी. पण नंबर कार्डावर आणि कार्ड भट्टीवर. आमच्या बरोबरच्या आशाताईंनी पेनाने तिचा नवा नंबर तिच्या नवऱ्याच्या मोबाईलच्या कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवला. हा कुठल्याही योजनेतला भाग नव्हता. याच आशाताई मोबदल्यासाठी २०२३-२४ मध्ये दोनदा संपावर गेल्या होत्या, तेव्हा मीच 'आरोग्यसेवा कोलमडली' असं लिहिलं होतं.

मार्च २०२५ च्या अखेरीचं पुण्यातलं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, आणि जुळ्या मुलींना जन्म देऊन ती माउली दुसऱ्या रुग्णालयात गेली. एप्रिलभर आंदोलनं, चौकश्या. शेवटी तातडीच्या पेशंटकडून अनामत घेणार नाही, असं त्या रुग्णालयाने जाहीर केलं. लोक बोलले म्हणून ते झालं. चांगलंच झालं. मीही तेव्हा तावातावाने पोस्टी टाकल्या.

पण मंडळी, मावळातल्या बहुतेक बाया दहा लाखांच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. त्यांचं जे काही ठरतं ते गुरुवारच्या बाकावर ठरतं. आरोग्य खात्यातले लोक मातामृत्यूचं कारण शोधताना तीन उशीर बघतात: घरातून निघायचं ठरवायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. तिन्ही आपल्याकडे आहेत. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांत अडकलेली अँब्युलन्स तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय, त्यावर मी परत लिहीन. पण या तिन्हींच्या आधीचा एक उशीर आहे. धोका कागदावर उतरलेला असतो आणि जिच्या पोटात बाळ आहे तिला तो कळलेला नसतो. तिला कळलं तर ती घरात भांडून का होईना निघेल. नाही कळलं तर "आठव्या महिन्यात सुजणारच" म्हणून पडून राहील.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नवी इमारत मागत नाही. तपासणीच्या दिवशी सिस्टरनी आकडा लिहिण्याआधी तो त्या बाईला मोठ्याने सांगावा, आणि चांगला की वाईट ते एका वाक्यात सांगावं. "तुझं बीपी १२० बाय ८०, ठीक आहे." "रक्त ८.९, कमी आहे, दोन गोळ्या." बास. त्यासाठी सिस्टरचा वेळ हवा असेल तर पाच रजिस्टरांतली दोन कमी करा. आणि रंगीत स्टिकर लावताना त्या रंगाचा अर्थ बाईला आणि तिच्याबरोबर आलेल्या सासूला, नवऱ्याला सांगा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना मी हे लेखी दिलंय. सोनोग्राफीचंही त्यातच लिहिलंय. पोच घेतली आहे. काय होतं ते इथेच कळवीन.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. घरात गरोदर बाई असेल तर आज रात्री तिचं कार्ड काढा आणि एकत्र बसून वाचा. बीपीची ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. १४० बाय ९० किंवा त्याच्या वर असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. त्याच्या खाली असेल पण दर महिन्याला चढत असेल तर तेही विचारा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गोळ्या किती घ्यायच्या ते विचारा. खूप डोकं दुखणं, डोळ्यापुढे काजवे किंवा अंधारी, छातीखाली पोटात दुखणं, तोंड आणि हात सुजणं, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करा आणि निघा. कार्डाचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, नवऱ्याच्या आणि तिच्या, दोघांच्याही. हे सगळं मी डॉक्टर म्हणून सांगत नाही, मी डॉक्टर नाही. आरोग्य खातं आशाताईंना जे शिकवतं तेच सांगतेय. त्याच्यापलीकडचं डॉक्टरना विचारा.

आणि हो, भाचीला मी काय उत्तर दिलं?

मी म्हटलं, सरकारीत नाव घाल. कर्ज काढू नको. पण डिलिव्हरी कुठे करायची ते आत्ताच ठरव: सिझर लागलं तर भूल देणारे डॉक्टर रात्री असतात का, नसतील तर कुठे पाठवतात, हे आठव्या महिन्यात मॅडमना विचारून ठेव. उत्तर 'पिंपरीला' किंवा 'पुण्याला' असेल तर गाडी कुणाची आणि रक्त द्यायला बरोबर कोण, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटव. सासूबाई जरा नाराज होत्या. प्रायव्हेटला निदान बोलतात तरी, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं म्हणणं चूक नाही. लोक खासगीत पैसे मोजतात ते बऱ्याचदा औषधासाठी नाही, कुणीतरी दोन मिनिटं तोंडाकडे बघून बोलावं म्हणून मोजतात.

परवा, ९ ऑक्टोबरला भाची तपासणीला गेली. या वेळी मी गेले नव्हते, मला नगरपरिषदेत काम होतं. सासूबाई गेल्या बरोबर. दुपारी फोन आला.

"मावशी, नऊ पॉइंट सात! बीपी ११६ बाय ७४. आणि ऐक ना, सासूबाईंनी शेजारच्या दोघींची पण कार्डं उघडून वाचायला लावली मला. एकीचं १४२ बाय ९२ होतं. ती घरी निघाली होती."

"मग?"

"मग काय, सासूबाईंनी तिला हाताला धरून आत नेलं. मॅडमनी परत बीपी घेतलं आणि ठेवून घेतली तिला."